मातीचा बैल आणि चार ओळींची झडती: पोळ्याच्या निमित्ताने मुलांना घडवायला आणि लिहायला शिकवताना

श्रावण सरत आला की अनेक शाळांच्या फळ्यावर एकच विषय येतो: बैलाचे आत्मवृत्त. मग वह्यावह्यांतून ‘मी शेतकऱ्याचा खरा मित्र आहे’ हेच वाक्य फिरत राहतं. ते मुलांचं नसतं, गाईडातून फळ्यावर आणि फळ्यावरून वहीत उतरलेलं असतं. लिहिणाऱ्या किती मुलांनी बैलाच्या वशिंडाला कधी हात लावलाय, हे कुणी विचारत नाही.

पोळा हा सण मुलांना लिहितं करण्यासाठी इतका भरलेला आहे की तो असा वाया जाऊ नये. त्यात हाताने करायच्या वस्तू आहेत, साजाचे शंभर शब्द आहेत, घरोघरच्या आठवणी आहेत आणि विदर्भात तर उभ्या-उभ्या कविता रचून म्हणायची परंपराच आहे. तिला झडती म्हणतात. या लेखात तिसरी ते पाचवीच्या वर्गासाठी साधारण अडीच आठवड्यांचा उपक्रम पायरीपायरीने मांडला आहे. रोज एक तासिका पुरते. सगळा उपक्रम एका गोष्टीवर उभा आहे: मूल आधी वस्तू हाताळेल, मग तिच्याविषयी बोलेल आणि त्यानंतरच लिहील. हा क्रम उलटा केला की पुन्हा गाईडातली वाक्यं येतात.

सुरुवात केव्हा करायची

पोळा श्रावण अमावास्येला, म्हणजे गणेशचतुर्थीच्या चारेक दिवस आधी येतो. हे पावसाचे दिवस, माती वाळायला वेळ लागतो. म्हणून मातीकाम पोळ्याच्या किमान बारा दिवस आधी उरकायला हवं. विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथे हा हिशोब चालेल. कोल्हापूर, सांगली, सातारा भागात बैलांचा सण बेंदूर म्हणून आषाढाच्या आसपास होतो, तिथे सगळं महिना-दीड महिना अलीकडे घ्या. शाळा नुकती सुरू झालेली असते, त्यामुळे नव्या वर्गाशी ओळख करून घ्यायलाही हा उपक्रम बरा पडतो.

पहिली पायरी: घरी विचारायचे प्रश्न

पहिल्या दिवशी वही उघडायची नाही. मुलांना फक्त प्रश्न द्यायचे आणि ते घरी, शेजारी, आजी-आजोबांना विचारून यायला सांगायचं.

इथे एक खबरदारी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘कुणाकुणाकडे बैल आहेत, हात वर करा’ असं वर्गात कधीही विचारू नका. त्या एका प्रश्नाने वर्गाचे दोन भाग होतात: जमीनवाल्यांची मुलं आणि बाकीची. दुसऱ्याच्या शेतात सालाने राबणाऱ्या गड्याच्या मुलाला बैलांची माहिती मालकाच्या मुलापेक्षा जास्त असू शकते, पण हात वर करताना तो मागे राहतो. त्याऐवजी असे प्रश्न द्या:

तुमच्या घरातल्या किंवा ओळखीच्या म्हाताऱ्या माणसाला आठवणाऱ्या बैलांची नावं काय होती? ती नावं का ठेवली? बैल कधी रुसला, पळाला, आजारी पडला, तेव्हा काय झालं? पोळ्याच्या आदल्या दिवशी काय करायचे? तुमच्या घरात सगळ्यात जास्त राबणारं कोण किंवा काय आहे? त्याला सुट्टी कधी मिळते?

शेवटचे दोन प्रश्न शहरातल्या आणि शेती नसलेल्या घरांसाठी दार उघडं ठेवतात. ऑटोरिक्षा, शिलाई मशीन, हातगाडी, आईचे दोन हात, काहीही उत्तर चालतं. पोळा म्हणजे राबणाऱ्याचा मान, एवढं धरलं की कुठलंच मूल उपक्रमाबाहेर राहत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं वर्गात असतील तर त्यांना आवर्जून बोलतं करा. कारखान्याच्या रस्त्याने रात्री चालणाऱ्या बैलगाड्या, टायरगाड्या त्यांनी पाहिलेल्या असतात. त्यांच्याकडचे तपशील कुठल्याही पुस्तकात सापडणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलं गोलात बसून सांगतात. तुम्ही फक्त ऐकायचं आणि त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे कागदाच्या पट्ट्यांवर लिहायचे. ‘मले’, ‘तुले’, ‘आमास्नी’ दुरुस्त करायचं नाही. घरची बोली वर्गात लिहिलेली दिसली की मुलाला पहिल्यांदा कळतं, आपण बोलतो तेही लिहिता येतं. प्रमाण मराठी शिकवायला वर्षभर पडलं आहे. या अडीच आठवड्यांत वऱ्हाडी, झाडीबोली, अहिराणी, मराठवाडी जे असेल ते येऊ द्या.

दुसरी पायरी: बैल नीट बघणे

गावात शाळा असेल तर जवळच्या गोठ्यात जाऊन या. बैलाचा धनी स्वतः सोबत हवा, बैल बांधलेला हवा, मुलं बैलाच्या मागच्या बाजूला उभी राहायला नकोत आणि हात लावायचा तो धनी सांगेल तिथे, एकेकाने. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त बघायचं, ऐकायचं, वास घ्यायचा. त्यानंतर जागेवरच प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या, आधीच्याने सांगितलेली पुन्हा नाही. दहाव्या-बाराव्या मुलापर्यंत ‘मोठा’, ‘पांढरा’, ‘शक्तिशाली’ संपतात आणि मग खरी निरीक्षणं सुरू होतात: माशी बसली की नुसती कातडी थरथरते, खांद्यावर जुवामुळे घट्टा पडलाय, रवंथ करताना जबडा आडवा फिरतो, नाकपुडी सतत ओली असते.

गोठ्यात जाणं शक्य नसेल तर मोठी छायाचित्रं घ्या, पण ती आपल्या मातीतल्या जातींची. महाराष्ट्रातल्या बैलांत केवढं वैविध्य आहे हे मुलांना दाखवायची ही संधी आहे. सोलापूर-सांगली पट्ट्यातला खिलार पांढरट, अंगाने सडसडीत, लांब शिंगं मागे वळून वर गेलेली. लातूरकडची देवणी काळ्या-पांढऱ्या रंगात, कान लोंबते. नांदेडकडचा लाल कंधारी गडद तांबडा. नाशिक आणि अहिल्यानगरच्या डोंगराळ, धो-धो पावसाच्या भागातला डांगी पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे डाग घेऊन येतो. वर्ध्याकडचा गवळाऊ पांढरा. वर्गाचे पाच गट करून प्रत्येक गटाला एकेक जात द्या. पुढे मातीचा बैल करताना गटातली मुलं शिंगं आणि रंग आपल्या जातीप्रमाणे करतील. सगळे बैल एका साच्यातून निघाल्यासारखे होत नाहीत, हा याचा मोठा फायदा.

याच तासाला आणखी एक चित्र दाखवावं असं मी सुचवेन. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला 1974 साली ताम्रपाषाण काळातली धातूची शिल्पं सापडली. त्यात सुमारे 45 सेंटिमीटर लांबीचा एक रथ आहे, त्याला बैलांची जोडी जुंपलेली आणि रथात एक माणूस उभा. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननातही मातीची स्त्रीमूर्ती आणि तिच्यासोबत मातीचा बैल मिळाला. हजारो वर्षांपूर्वी याच मातीत कुणीतरी बसून बैल घडवला होता आणि उद्या आपण घडवणार आहोत, एवढं सांगितलं की पुरे. इतिहासाचा तास करू नका.

तिसरी पायरी: शब्दांची भिंत

एका भिंतीवर चार मोठे कागद लावा: अंग, साज, काम, आवाज. घरून आलेल्या पट्ट्या आणि गोठ्यातली निरीक्षणं त्यांत वाटून चिकटवायची. अंगाखाली वशिंड, खूर, शेपटीचा गोंडा, गळ्याखालची पोळी. साजाखाली झूल, बाशिंग, घुंगुरमाळ, कवड्यांची माळ, गोंडे, बेगड, वेसण, मोरकी, कासरा. कामाखाली नांगरणी, वखरणी, डवरणी, पेरणी, मोट. आवाजाखाली हंबरणं, फुरफुरणं, घुंगरांची छुमछुम, गाडीच्या आखाची करकर.

ज्या शब्दाची वस्तू वर्गात आणता येईल ती आणा. कासरा हातात धरून पाहिलेलं मूल तो शब्द विसरत नाही. गावागावांत एकाच वस्तूला वेगळी नावं असतात. ती सगळी शेजारीशेजारी लावा आणि कोणता शब्द कुणाच्या घरून आला हे खाली छोट्या अक्षरात लिहा. ही भिंत उपक्रम संपेपर्यंत काढायची नाही. लिहिताना अडलेलं मूल तुमच्याकडे येण्याआधी भिंतीकडे जाईल.

चौथी पायरी: माती

या पायरीवर दोन ते तीन तासिका मोकळ्या हाताने द्या. घाई केली की पाय गळून पडलेले बैल आणि रडवेली मुलं हाती येतात.

माती कुंभाराकडून आणलेली सगळ्यात चांगली. नसेल तर ओढ्याकाठची चिकणमाती घ्या. नुसती काळी माती वापरू नका, ती ओलावा धरून फुगते आणि वाळताना आकसून तडकते. काळीच मिळत असेल तर तीन भाग मातीला एक भाग चाळलेली बारीक वाळू आणि मूठभर चुलीतली राख मिसळा. माती फोडून, चाळून, खडे-काचा काढून आदल्या रात्री भिजत घाला. सकाळी जास्तीचं पाणी ओतून मोठ्या मुलांकडून गोणपाटावर चांगली तुडवून घ्या. पोळीच्या कणकेपेक्षा थोडी घट्ट झाली की ती तयार. तपासायला बोटाएवढी वळी करून ती बोटाभोवती वाकवा. तडे गेले तर थोडं पाणी लावून पुन्हा मळा. फारच चिरफाळत असेल तर वाळू जास्त झाली आहे, चिकणमाती वाढवा. एका मुलाला साधारण अर्धा किलो ओली माती लागते, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गाला वीस किलो. हाताला जखम असलेल्या मुलाला त्या दिवशी शब्दपट्ट्यांचं किंवा साजाचं काम द्या.

घडवण्याची रीत अशी. गोळ्याचा चौथा भाग बाजूला काढून ओल्या फडक्याखाली ठेवायचा. उरलेल्याचा जाड लांबट गोळा करायचा. पाय वेगळे करून चिकटवायचे नाहीत, त्याच गोळ्यातून खाली चार कोपरे ओढून काढायचे, आखूड आणि जाड. मुलांना बारीक उंच पाय हवे असतात, तिथे ठाम राहा, कारण सगळं वजन पायांवर येणार आहे. एका टोकाकडून मान वर ओढायची आणि पुढे वाकवून तोंड करायचं. पाठीवर मानेजवळ चिमटीने माती वर घेतली की वशिंड येतं, मानेखाली चिमटत गेलं की पोळी येते. मग बैल उलटा धरून पोटातून अंगठा आत घालून मधली माती थोडी पोकळ करायची. जाड भरीव पोट बाहेरून वाळतं, आतून ओलं राहतं आणि तडकतं.

बाजूला ठेवलेल्या मातीची शिंगं, कान, शेपूट. ती जोडताना दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढायचे, पातळ कालवलेली माती लावायची आणि दाबून जोड बोटाने पुसून घ्यायचा. नुसती चिकटवलेली शिंगं वाळल्यावर हमखास पडतात. शेपूट मोकळी न ठेवता मागच्या पायाला चिकटवावी. डोळे काडीने. शेवटी पोटाखाली काडीने मुलाने आपलं नाव कोरायचं.

काम चालू असताना वर्गात फिरा, पण मुलाच्या हातातला बैल स्वतःच्या हातात घेऊन ‘नीट’ करू नका. एकदा शिक्षकाने शिंग सरळ केलं की तो बैल शिक्षकाचा होतो, आणि पुढे त्याच्याविषयी लिहायला मुलाकडे काही उरत नाही. दाखवायचंच असेल तर स्वतःचा वेगळा बैल घडवत दाखवा. हात चालू असताना मुलं आपापसांत काय बोलतात तिकडे कान ठेवा. ‘माहा बैल आळशी हाय’, ‘याला पाऊस आवडत नाही’ अशी वाक्यं पट्टीवर टिपून त्या त्या मुलाच्या बैलाशेजारी ठेवा. उद्याच्या लेखनाची पहिली ओळ तीच.

बैल सावलीत, वाऱ्याला, वर्तमानपत्रावर ठेवून वाळवायचे. पहिले दोन दिवस वरून फडकं झाकलं तर हळू वाळतात आणि तडे कमी जातात. रोज कूस बदला. ऊन पडलं म्हणून बाहेर काढू नका. पावसाळी हवेत सहा ते आठ दिवस धरा. हे बैल भाजायचे नाहीत, त्यामुळे पाण्यापासून जपावे लागतात.

पाचवी पायरी: वाळेपर्यंत गद्य

बैल वाळताहेत तेवढ्या दिवसांत तीन छोटी लेखनं होतात.

पहिलं, नाव आणि स्वभाव. प्रत्येक मूल आपल्या बैलाचं नाव ठेवतं आणि पाच वाक्यांत ओळख लिहितं. अट एकच: प्रत्येक वाक्यात अशी गोष्ट हवी जी शेजारच्या मुलाच्या बैलाला लागू होणार नाही. ‘माझा बैल खूप छान आहे’ हे वाक्य या अटीवर टिकत नाही. ‘माझ्या बैलाचं डावं शिंग बारीक आहे, कारण तो लहानपणी बाभळीत अडकला होता’ हे टिकतं.

दुसरं, वाक्य वाढवणं. फळ्यावर ‘बैल उभा होता’ एवढंच लिहा. एक मूल विचारतं ‘कुठे?’, दुसरं उत्तर देतं, वाक्य वाढतं. ‘कसा?’, ‘केव्हापासून?’, ‘त्याच्या अंगावर काय पडत होतं?’, ‘त्याला काय ऐकू येत होतं?’ पाच-सहा प्रश्नांत एक वाक्य परिच्छेद होतो. मग हेच जोडीजोडीने आपापल्या वहीत. निबंधाचे मुद्दे देण्यापेक्षा हे प्रश्न कितीतरी उपयोगी आहेत, कारण मूल ते नंतर स्वतःला विचारू लागतं.

तिसरं लेखन मला फार आवडतं: आवतण. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. जुवाखाली सोललेल्या, घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळतात आणि बैलाला आवतण देतात की आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आपल्या घरी वर्षभर राबलेल्याला पाहुण्यासारखं अहोजाहो करून बोलावणं, यात आपल्या शेतकरी संस्कृतीचं जे सौजन्य आहे ते मुलांना समजावून सांगावं लागत नाही, त्यांना आवतण लिहायला लावलं की आपोआप पोचतं. पोस्टकार्डाएवढा कागद द्या. मायना, कोणाला, कुठे, केव्हा, जेवायला काय आणि मुख्य म्हणजे का बोलावतोय, म्हणजे वर्षभरात त्याने केलेलं एक काम नेमकं लिहायचं. पत्रलेखनाचा अभ्यासक्रमातला भाग इथेच होऊन जातो. बैल नसलेल्या मुलाने आवतण बाबांच्या रिक्षाला द्यावं, आजीला द्यावं, रोज शाळेत आणणाऱ्या गाडीच्या चालककाकांना द्यावं. ही पत्रं खरोखर पोचवा. आपण लिहिलेलं कुणीतरी वाचलं, हा अनुभव लहान मुलाला पुढच्या दहा निबंधांपेक्षा जास्त पुढे नेतो.

सहावी पायरी: रंग आणि साज

बैल पूर्ण वाळला की अंगाचा रंग फिका, एकसारखा दिसतो आणि हाताला गार लागत नाही. तेव्हा रंगवा. गेरू, खडूची पूड, कोळशाची पूड आणि हळद यांत थोडा डिंक कालवला की चार रंग घरचेच होतात. पांढऱ्यासाठी चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर इजा होते. शिंगांना परंपरेने हिंगूळ लावतात, पण खरा हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग असतं. लहान मुलांच्या हाती तो अजिबात द्यायचा नाही, गेरू किंवा साधा तांबडा रंग चालतो. त्याचप्रमाणे माळेसाठी गुंजा आणू नका, त्या दिसायला सुंदर पण विषारी. भोपळ्याच्या बिया सुईने सहज ओवता येतात, रंग लावला की शोभतात.

झूल जुन्या सुती कापडाची. मुलांनी बैलाची पाठ कागदाच्या पट्टीने मोजायची, कागदावर आकार काढायचा, मग कापड कापायचं. कडेने धावदोरा घालायला तिसरीच्या मुलांनाही जमतं, सुई मोठ्या नाकाची आणि बोथट टोकाची घ्या. गोंड्यासाठी दोन बोटांभोवती लोकरीचे वीसेक वेढे घेऊन मध्ये घट्ट बांधायचे आणि कडा कापायच्या. बेगडीसाठी चॉकलेटचे चकचकीत कागद साठवून ठेवायला मुलांना आधीच सांगा. बाशिंग जाड कागदाचं. बाजारातला तयार साज आणून चिकटवण्याला परवानगी देऊ नका. ज्याच्या घरी पैसे आहेत त्याचाच बैल मग नटलेला दिसतो.

हे काम मुलगे आणि मुली दोघांनी सगळंच करायचं. माती मुलांची आणि शिवण मुलींची अशी वाटणी आपोआप होऊ लागते, ती होऊ देऊ नका.

सातवी पायरी: झडती

आता कवितेकडे. विदर्भात पोळ्याच्या दिवशी गावच्या मोकळ्या जागेत, आखरावर, सजवलेल्या बैलांच्या जोड्या तोरणाखाली रांगेने उभ्या राहतात. याला पोळा भरणं म्हणतात. तेव्हा माणसं चढाओढीने झडत्या म्हणतात. त्या यमकात बांधलेल्या असतात, कधी देवाचं नाव, कधी पिकापाण्याची तक्रार, कधी गावातल्या मोठ्यांना लगावलेला टोला. शेवटी सगळा जमाव ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ असा गजर करतो. नंतर तोरण तुटतं आणि पोळा फुटतो. म्हणजे चार ओळींत आपलं म्हणणं सगळ्यांसमोर मांडायचा हक्क या सणाने सामान्य माणसाला दिलेला आहे. मुलांना तोच द्यायचा.

विदर्भातली शाळा असेल तर गावातल्या झडत्या म्हणणाऱ्या एखाद्या आजोबांना वर्गात बोलवा. इतरत्र शिक्षकाने चाल लावून म्हणून दाखवावी. त्यानंतर असा क्रम ठेवा.

आधी ठेका. टाळ्यांवर, बाकावर हात मारून ओळींचा डोल अंगात येऊ द्या. शब्द नसले तरी चालतील.

मग यमकाची जुळणी. शब्दभिंतीवरचा एक शब्द घ्यायचा आणि सगळ्या वर्गाने जोड्या सांगायच्या. माळ: आभाळ, सकाळ, दुष्काळ, गुळाची ढाळ असं काहीही. अर्थ नसलेले शब्दही लिहून घ्या, नंतर गळतील. यमक शोधताना मुलं अनपेक्षित विषयाकडे जातात आणि त्यातूनच कल्पना सुचतात. ‘माळ’ शब्दाने ‘दुष्काळ’ आणला की झडती हसण्याखेळण्यातून एकदम गंभीर होते.

मग एक झडती सगळ्यांनी मिळून फळ्यावर. पहिली ओळ तुम्ही द्या, बाकीच्या वर्गाच्या. वऱ्हाडी वळणाचा हा एक नमुना, मुद्दाम सोपा ठेवलेला:

काळ्या ढगात वाजते ढोल,
सर्जा माहा लाखाचं मोल.
आजीनं केल्या पोळ्या सात,
सहा त्याले, एक माह्या हातात.

आणि शहरातल्या मुलासाठी असा:

बाबाची रिक्षा तीन चाकी,
रातभर धावली, झोप राहिली बाकी.
आज तिच्या गळ्यात झेंडूची माळ,
आज बसू घरी, धावू उद्या सकाळ.

नमुना म्हणून दाखवा आणि पुसून टाका. फळ्यावर राहिला तर अर्धा वर्ग ‘काळ्या ढगात’नेच सुरुवात करतो.

त्यानंतर प्रत्येकाची स्वतःची झडती. चार ओळी, दोन यमकं आणि निदान एक गोष्ट अशी जी त्या मुलाने स्वतः पाहिली आहे. ज्याला लिहायला जड जातं त्याने बोलावं आणि मित्राने लिहावं. पहिलीतल्या भावंडांसारखी अडखळत लिहिणारी मुलं झडतीत अनेकदा सगळ्यांच्या पुढे जातात, कारण ती मुळात तोंडी कला आहे. शेवटचा गजर कोणत्या शब्दांत करायचा हे ज्याच्या त्याच्यावर सोडा. वेगवेगळ्या धर्मांची मुलं वर्गात असतात, एखाद्या गटाने आपला स्वतःचा गजर रचला तर उत्तमच. मुलांनी शाळेतल्या पाण्याच्या टाकीबद्दल, खिचडीबद्दल, गृहपाठाबद्दल टोला मारला तर तो कापू नका. कुणाच्या जातीवर, दिसण्यावर, अपंगत्वावर ओळ आली तर मात्र तिथेच थांबवा आणि ती ओळ बदलून घ्या.

आठवी पायरी: पुन्हा लिहिणे

पहिला खर्डा अंतिम मानू नका. जोडीदारासमोर मोठ्याने वाचायला लावा. जोडीदाराने दोनच गोष्टी सांगायच्या: मला काय दिसलं आणि मला अजून काय विचारायचंय. त्या प्रश्नाचं उत्तर लिहिणाऱ्याने मजकुरात घालायचं. शुद्धलेखन अगदी शेवटी, आणि एका मुलाच्या कागदावर तीनपेक्षा जास्त चुका दाखवायच्या नाहीत. त्या तीनही अशा निवडा ज्या पुन्हापुन्हा होताहेत. लाल शाई नको, पेन्सिलीने समासात खूण करा. बोलीभाषेतला शब्द चूक धरायचा नाही हे परत एकदा सांगते.

नववी पायरी: वर्गातला पोळा

पोळ्याच्या आदल्या दिवशी, कारण सणाला मुलं घरी असतात. आंब्याच्या पानांचं तोरण व्हरांड्यात बांधा. खाली बाकांवर बैलांची रांग, प्रत्येकाशेजारी नाव आणि पाच वाक्यांची ओळख. पालक, आवतणं मिळालेली माणसं, शाळेचे मदतनीस, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी यांना बोलवा. एकेक मूल आपला बैल हातात घेऊन झडती म्हणतं, गजर सगळे करतात. शेवटी तोरण तोडायचा मान वर्षभर शाळा झाडणाऱ्या, शिजवणाऱ्या माणसाला द्या.

नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट, मिळवतात. शेजारच्या छत्तीसगडमध्येही पोळ्याला मुलं मातीच्या बैलांशी खेळतात. वर्गातल्या बोजाऱ्यासाठी पाहुण्यांना चिठ्ठ्या द्या. आवडलेली एक ओळ चिठ्ठीवर उतरवून त्यांनी ती मुलाच्या बैलापुढे ठेवायची. लिहिता न येणाऱ्या पाहुण्याने ओळ तोंडी सांगावी, पाचवीतल्या मुलांनी लिहून घ्यावी. सोबत मूठभर फुटाणे. पहिला-दुसरा क्रमांक काढू नका. क्रमांक आला की पुढच्या वर्षी पालकच बैल घडवून पाठवतात.

नोंदी ठेवायच्याच असतील तर बैल किती सुबक झाला हे बाजूला ठेवा. मुलाने स्वतः पाहिलेली गोष्ट लिहिली का, भिंतीवरचे नवे शब्द योग्य जागी वापरले का, पहिल्या आणि शेवटच्या खर्ड्यात काही बदललं का, दुसऱ्याचं ऐकून प्रश्न विचारला का, एवढं पुरे. पहिला आणि शेवटचा खर्डा एकत्र टाचून ठेवला की पालकसभेत दाखवायला तुमच्याकडे ठोस काही असतं.

परदेशात शनिवार-रविवारी भरणाऱ्या मराठी शाळांनाही हे करता येईल. तिथे न भाजता वाळणारी तयार माती घ्या, आणि पहिल्या पायरीतले प्रश्न मुलांना व्हिडिओ कॉलवर गावाकडच्या आजी-आजोबांना विचारू द्या. झडती दोन भाषा मिसळून आली तर येऊ द्या. यमक मात्र मराठी शब्दांचं असावं, म्हणजे शोधाशोध मराठीत होते.

उरलेलं काम

सगळ्या झडत्या, ओळखी आणि आवतणांच्या प्रती मुलांच्याच अक्षरात घेऊन, मध्ये शिवून एक पुस्तक करा. मागच्या पानांवर शब्दभिंतीवरच्या शब्दांची यादी, कुणाच्या घरून आला त्या नोंदीसह. पुस्तक शाळेच्या वाचनालयात नोंदवून, क्रमांक घालून ठेवा. पुढच्या वर्षीच्या तिसरीला पहिल्या दिवशी तेच वाचायला द्यायचं, पण माती हातात येण्याआधी परत घ्यायचं.

बैल मुलांनी घरी न्यावेत. वाटेत फुटलेल्याचे तुकडे परत आणायला सांगा, रंग खरवडून ते पाण्यात टाकले की एका रात्रीत पुन्हा माती होते. ती उरलेल्या मातीत मळून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. चार दिवसांवर गणपती असतो, आणि गोळा कसा मळायचा, जोड कसा द्यायचा हे आता वर्गाला माहीत झालेलं असतं.